हाळीला मिळालेला एक तारा

आमचा सुगत पुण्याची नोकरी सोडून पिंगळीला परत आला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. मी त्याची थोरली बहीण, घरूनच जाऊन-येऊन परभणीत शिक्षिका. माझं मत गावापेक्षा वेगळं नव्हतं. घरी बसून पठ्ठ्यानं मोबाइलचं ॲप बनवलं. कापूस वेचायला बाया हव्या असल्या की शेतकऱ्यानं त्यात हाक मारायची, आणि ज्या टोळीला सवड असेल तिच्या मुकादमीणबाईनं ओ द्यायची. नावही तेच ठेवलं, ‘हाळी’. खाली बनवणाऱ्याचं नाव होतं, सुगत वाव्हळ.

बनवणं एक वेळ सोपं, खपवताना त्याच्या नाकी नऊ आले. फोनवरच्या जाहिराती बघून ज्यांनी हाळी घेतलं, त्यांतले निम्मे लखनौकडचे निघाले. त्यांना आमच्या कापसाशी काय घेणं? शेवटी हा गळ्यात भोंगा अडकवून झरीच्या बाजारात उभा राहिला. मदतीसाठी म्हणून ॲपमध्ये स्वतःचाच नंबर दिलेला, त्यामुळे जावयाचा फोन लागत नाही इथपासून मोटार जळाली इथपर्यंत सगळी गाऱ्हाणी याच्याकडे. हा जेवता जेवता उठून उत्तरं द्यायचा. मला राग यायचा. कंपन्या या कामाला माणसं ठेवतात. इथं मालकही हाच आणि हमालही हाच.

झरीत मात्र हाळी चाललं. केशरबाई नावाच्या मुकादमीण सगळी टोळी त्यावरच हलवू लागल्या. आवडलं तर तारे द्या, असं सुगतनं बाजारात सगळ्यांना विनवलं होतं. पाच तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे टाकाऊ. तारे कमी दिसले की नवा माणूस ॲपला हात लावत नाही.

झरीचे तारे यायला लागले. एक. एक. पुन्हा एकच. सोबत अक्षर नाही. बघता बघता हाळी तळाला गेलं आणि नवी माणसं यायची थांबली. मी फोन हातात धरून बघतच राहिले. रोज वापरायचं आणि वर थोबाडीत मारायची, ही कुठली रीत?

एका संध्याकाळी बघते तर ॲपवर नुसतं ‘सुगत’ उरलेलं.

“आडनाव काढलं,” तो म्हणाला. “ते बघूनच एक तारा देत असतील.”

आई भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. मलाही मनातून तेच वाटत होतं.

आडनाव काढूनही तारा एकच येत राहिला. पुण्याची जुनी कंपनी त्याला परत बोलावत होती; मग सुगतनं तिला होकार कळवला आणि ॲपवर सूचना टाकली, ‘या महिन्यानंतर हाळी बंद.’

रविवारी दारात ऑटो थांबला. केशरबाई उतरल्या, मागं टोळीतल्या दोघी.

“हाळी बंद करायलास म्हणं? का रं लेकरा?”

सुगत कधी नव्हे तो चिडला. “मावशी, तुम्ही सगळ्यांनी एकेक तारा दिलात. एवढं वाईट आहे तर चालवू कशाला?”

“वाईट?” केशरबाई म्हणाल्या. “हाळी एक नंबर हाय, म्हणून एक नंबर दिला. समद्या टोळीला मीच सांगितलं. ह्या पोरी तर पाच द्यायल्या होत्या. मी म्हणलं, पाचवा नंबर देऊन लेकराची इज्जत घालवता का?”

सुगत उंबऱ्यावर बसला. मला हसू येईना की रडू येईना. इतके दिवस आम्ही दोघं शिकलेली माणसं त्या एका ताऱ्यात काय काय वाचत बसलो होतो.

केशरबाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्यांची तक्रार निराळी होती.

“आन् तुझं आडनाव कुठं गेलं? ह्या पोरी म्हणायल्या, दिसंना. आमी गावोगाव ‘वाव्हळाचं हाळी’ म्हणून सांगताव. नुसतं सुगत म्हणल्यावर लोकाला वळखायचं कसं?”

आई आतून चहा घेऊन आली होती.

“लिहितो की तो,” ती म्हणाली. “आत्ता, तुमच्यापुढंच लिहितो.”