मालक आले नाहीत का?

गाडी माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे जे कोणी भेटणार आहेत त्यांतल्या एकालाही ते पटत नाही. जुनी, डिझेलवरची पिकअप. आरसी बुकावर नाव माझं, लायसन्स माझं आणि चालवतेही मीच. माझा नवरा पतसंस्थेत कारकून आहे. मोटारसायकलच्या पुढे त्याला काही चालवता येत नाही आणि शिकायचंही नाही. लिहिताना मी त्याला एकेरी लिहिते आहे, घरात अहो-जाहोच करते. निदान कागदावर तरी तेवढी मोकळीक घेते.

राहुरीजवळ माझी रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचती करायची, हा धंदा. वाढवणं माझ्या हातात होतं, पोचवणं नव्हतं. भाड्याचा टेम्पोवाला सकाळी येतो म्हणायचा आणि ऊन तापल्यावर उगवायचा. मग वाटेत ढाब्यावर त्याचा चहा, त्याच्या मित्राचा चहा, आणि माझे ट्रे हौद्यात भाजत पडलेले. रोपं माना टाकून पोचायची. शेतकरी टेम्पोवाल्याला अवाक्षर बोलायचा नाही. फोन मला यायचा, "ताई, मेलेली रोपं धाडता व्हय?" त्या एका प्रश्नाने माझा अख्खा दिवस नासायचा. दोन-चार चांगली गिऱ्हाइकं अशीच तुटली. रोपवाटिका टिकवायची तर गाडी स्वतःची हवी आणि स्टेअरिंगवर मी हवी, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी शोधायला लागले.

माझं माहेर कोपरगावचं. वडिलांचा ऊस होता, ट्रॅक्टर होता आणि शेतात हात लावेल त्याला तो चालवायला मिळायचा. लग्नाआधी मी रोटाव्हेटर मारलेला आहे, उसाची भरलेली ट्रॉली मागे घेतलेली आहे. गाडीही तिकडेच मिळाली. विकणारा त्या गाडीतून कोंबड्या वाहायचा. हौद्यात फळ्यांच्या फटीफटीत पिसं, आणि वास असा की नवरा दोन पावलं लांबच उभा राहिला. मी बॉनेट उघडायला सांगितलं. त्या माणसाने माझ्याकडे न बघता नवऱ्याला हाक मारली, "मालक, या ना हिकडं. इंजिन बघा, एक नंबर हाय." नवरा आला, वाकला आणि बॅटरीकडे बघून गंभीरपणे मान हलवली. मग त्या गृहस्थाने ड्रायव्हरचं दार उघडून त्याला बसवलं आणि मला म्हणाला, "ताई, तुमी त्या बाजूनं बसा." नवरा बसला. काय करावं हे न कळून त्याने हॉर्न वाजवला. "आवाज चांगला आहे," म्हणाला.

मी त्याला खाली उतरवलं आणि गाडी चालवून पाहिली. दुसरा गिअर अडकत होता, क्लच संपत आला होता, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले होते. पण इंजिन खरंच चांगलं होतं, चढावर ओढत होतं, धूर काळा नव्हता. हे सगळं मी सांगत होते आणि तो माणूस ऐकून घेऊन उत्तर नवऱ्याला देत होता. मी विचारायचं आणि उत्तर तिसरीकडे जायचं. त्या दिवशी मी सोडून दिलं, कारण गाडी मनात भरली होती. पण डोक्यात काहीतरी खदखदायला लागलं होतं, ते अजून थांबलेलं नाही.

आमच्या भागात मालक म्हणजे नवरा. बाई दुसऱ्या बाईला विचारते, "मालक कुठं असतात कामाला?" शेताचा मालक, गाडीचा मालक, बाईचा मालक, तिन्हींना शब्द एकच. कोणी म्हणेल, मग मालकीण आहे की. आहे ना! मालकीण म्हणजे मालकाची बायको. तिच्या नावावर अख्खं गाव असलं तरी ती कोणाची तरी बायको म्हणूनच मालकीण. लग्नाला इतकी वर्षं झाली, मीही हा शब्द शेकडो वेळा सहज वापरला असेल. कानाला कधी टोचला नव्हता. गाडी घेतली आणि रोज टोचायला लागला.

स्पेअर पार्टच्या दुकानात क्लच प्लेट मागितली तर काउंटरवरचा म्हणाला, "मॉडेल कोणतं ते मालकांना विचारून या." मला मॉडेल पाठ होतं, ते सांगितलं. तरी त्याने पार्ट दाखवताना "मालक आले नाहीत का?" विचारलंच. हौद्यात ट्रे ठेवायला लोखंडी मांडण्या करायच्या होत्या, वर शेडनेट ताणायला कमानी. मोजमाप मी काढलं, खडूने जमिनीवर चित्र मी काढून दिलं. वेल्डिंगवाला सगळं बघून म्हणाला, "बरोबर हाय, पन एकदा मालकांना दाखवा." पेंटरने तर न विचारताच मागच्या फळीवर नवऱ्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं चुन्याने आखून ठेवली होती. मी ती फडक्याने पुसली आणि म्हटलं, इथे नुसतं 'आत रोपं आहेत' असं लिहा. त्याला वाटलं मी नवऱ्याशी भांडून आले आहे.

घरी येऊन हे सांगितलं की नवरा हसायचा. "मनावर काय घेतेस? बोलायची पद्धत आहे." पद्धत! पायात काटा त्याच्या मोडला असता तर कळलं असतं, पद्धत कशी लागते ते. वाईट माणूस नाही तो. माझ्या धंद्यात कधी आडवा आला नाही, उलट रविवारी ट्रे भरायला बसतो, पाणी मारतो. आणि म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसावर रागवून मोकळं तरी होता येतं.

आता मिस्त्रीचं सांगते. राहुरीत नगर-मनमाड रस्त्याला त्याचं गॅरेज. कामाला बरा म्हणून नाव होतं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं गेलो, तेव्हा त्याने नंबर नवऱ्याचा घेतला. मी माझाही दिला, तो त्याने कुठे ठेवला देव जाणे. त्याने गिअर केला, क्लच केला, पाटे उचलले, सगळं ठीक. राहिला रेडिएटर. खालच्या टाकीला पांढरट क्षार चढला होता, आतलं पाणी तांबूस गढूळ होतं आणि जागोजागी भोकं झाळून बुजवल्याच्या जुन्या खुणा होत्या. मी म्हटलं, "हा बदला. नवा टाका."

"झाळून देतो की ताई. अजून लई दिवस जाईल."

"किती वेळा झाळायचा? मला घाट चढायचाय. भरलेली गाडी घेऊन."

"बघतो," म्हणाला.

त्या 'बघतो'ची मला खात्री वाटेना. पण रोपवाटिकेत बायका पेरणीला थांबल्या होत्या, निघणं भाग होतं. म्हणून जाताना मुद्दाम वळून, चांगलं ठासून म्हणाले, "रेडिएटरमध्ये काही कमीजास्त करायचं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय करायचं नाही."

मालक म्हणजे मी! आरसी बुकावर जिचं नाव आहे ती. तो शब्द मी हक्काने वापरला होता, जरा ऐटीतही. मिस्त्री म्हणाला, "व्हय ताई, मालकांना इचारल्याबिगर हात लावत न्हाई." मला बरं वाटलं. वाटलं, चला, एकाच्या तरी डोक्यात शिरलं.

गाडी परत आली तेव्हा रेडिएटरला काळा रंग मारलेला होता. चकचकीत दिसत होता. मी विचारलं, नवा ना? मिस्त्री म्हणाला, "सगळं इचारूनच केलंय." मी गाडीत बसले आणि निघाले.

पहिली मोठी खेप तिसगावची होती. उन्हाळी मिरची. तिथल्या शेतकऱ्याने बेड पाडून, ठिबक चालू करून, लावणीला बायका सांगून ठेवल्या होत्या. पहिल्यांदाच तो माझ्याकडून रोपं घेत होता आणि जमलं तर पुढे त्याच्या सगळ्या भावकीची ऑर्डर येणार होती. सगळ्या मांडण्या भरल्या, शेडनेट ताणली. गाडी छान चालली होती. मी खूश होते, खोटं का सांगू. विळद घाटात चढ लागला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. सरकत सरकत लाल पट्ट्यात गेला. बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली तर खालून पाण्याची धार.

माझ्याकडे पाण्याचा एक कॅन होता. तो मी इंजिनात ओतला नाही. भोक पडलेल्या रेडिएटरला पाणी पाजून काय होणार? वरच्या मांडणीतल्या ट्रेंवर शिंपडलं. उभ्या गाडीत वारा लागत नाही, शेडनेटखाली नुसती काहिली. मिरचीचे शेंडे डोळ्यांदेखत वाकायला लागले. तिसगावला फोन केला. तिकडून शांतपणे आलं, "बाया बसून हायेत ताई. किती येळ?"

रस्त्याने गाड्या थांबायच्या. माणसं मदतीलाच थांबायची, ते कळतं मला. पण काच खाली झाली की पहिला प्रश्न तोच. "मालक कुठायत?" तिसऱ्याला मी म्हटलं, "रेडिएटरात पडलेत. वाकून बघा." तो घाईने काच वर करून निघून गेला.

माझा फोन गेल्यावर नवरा मोटारसायकलला दोन कॅन बांधून आला. त्याचं तोंड बघूनच मला काहीतरी कळलं.

"मिस्त्रीने तुम्हाला फोन केला होता?"

"केला होता."

"काय विचारलं त्यानं?"

"नवा टाकायचा का झाळून चालवायचा, म्हणाला. मालकांना विचारायला सांगितलंय, असं म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चालतंय तर चालवून घ्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या घाटात कळलं. मी ओरडले. रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर ओरडले. तुम्हाला रेडिएटर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? तिला विचारा, एवढे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते का? घरी येऊन मला सांगता येत नव्हतं का?

तो कठड्यावर बसला. रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "अगं, ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही. घरात सगळं तूच बघतेस. त्या माणसानं फोन करून म्हटलं, मालक, तुम्ही सांगाल तसं करतो. बरं वाटलं गं जरा."

मला त्याची दया यायला हवी होती, आणि थोडी आलीही. त्या दयेचाच मला जास्त राग आला. माझी रोपं मरत होती आणि मी त्याच्या बरं वाटण्याचा विचार करत उभी होते.

"तुम्हाला बरं वाटायचंय ना," मी म्हटलं, "तर स्वतःची गाडी घ्या आणि ती जाळा."

तो उठून ट्रेंवर पाणी शिंपडायला लागला.

शेवटी नगरहून एक टेम्पो मागवला आणि ट्रे त्यात चढवले. तिसगावला पोचेपर्यंत वरच्या मांडण्यांतली रोपं गेली होती. बायका घरी निघून गेल्या होत्या. शेतकरी भला माणूस, भांडला नाही. जगलेली रोपं उतरवून घेतली, म्हणाला, "गाडीचं असंच असतंय ताई, मालकांना म्हनावं जरा देखभाल करा." उरलेली मिरची त्याने दुसरीकडून आणली. भावकीची ऑर्डर आली नाही, येणारही नाही.

गाडी ओढत गॅरेजला आणली. नवरा सोबत आला, मी नको म्हटलं तरी आला. मिस्त्रीने रेडिएटर बघितला आणि नवऱ्याला म्हणाला, "मालक, तुमीच म्हनला हुता, चालवून घ्या."

"माझं चुकलं," नवरा म्हणाला. "मला गाडीतलं काही कळत नाही. गाडी यांची आहे. यापुढं जे काय विचारायचं ते यांनाच विचारायचं."

गॅरेजात सगळे ऐकत होते. मिस्त्री एकदम सरळ झाला. "आसं हाय का? मग तसं आधी बोलायचं की." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे तोंड करून, माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "ताई, नवा टाकायचा का मग?"

आधी बोलायचं! मी काय मुकी होते? इतके दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून मी दुसरं काय बोलत होते? माझा शब्द चालायला त्याचा शब्द लागला. तो भलेपणाने बोलला होता, भर गॅरेजात चूक कबूल केली होती, आणि मला त्याचे आभार मानावेसे वाटत नव्हते. कशाबद्दल मानायचे? माझीच गाडी मला दिल्याबद्दल?

"नवाच टाका," मी म्हटलं.

मिस्त्रीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. मग मिस्त्रीने पाना उचलला.