गांगुर्डे सरांची प्लेब्स

इस्त्रीची पँट घोट्याच्या वर दुमडून, दोन बादल्या घेऊन गांगुर्डे सर सार्वजनिक नळाच्या रांगेत उभे असायचे. बाया म्हणायच्या, "सर, तुम्ही भरून घ्या आधी, कॉलेज हाय तुमचं." सर म्हणायचे, "नंबर आला की भरू."

मूळचे सायखेड्याचे. नाशकात शिकताना एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून लॅटिन शिकले होते. सत्तरच्या दशकात ते आम्हाला रोमचा इतिहास शिकवत. एकदा फळ्यावर एकच शब्द लिहिला: प्लेब्स. "म्हणजे सामान्य जनता. स्त्रीलिंगी, एकवचनी. माणसं हजारो, शब्द मात्र एक. एकट्यादुकट्याला तो लावता येत नाही बरं का, त्याला वेगळा शब्द आहे. मूळ धातू भरण्याचा असावा. आपलं 'पूर्ण' त्याच्याच नात्यातलं." मग ही जनता उमरावांवर रुसून, शहर सोडून टेकडीवर जाऊन बसली, ती गोष्ट रंगवून सांगितली.

प्राध्यापक म्हणून नगरपालिकेनं त्यांना घरात नळ देऊ केला. आमच्या गल्लीत फक्त त्यांना. सरांनी लिहून दिलं, गल्लीला द्या, मग मला. सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, कंबर धरलेली. त्या संतापल्या, "लॅटिननं हंडा भरत नाही."

"खरंय तुझं. हंडा मी भरतो," सर म्हणाले. त्या दोन बादल्या तेव्हापासूनच्या.

मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. माझे वडील सरकारी कारकून, गल्लीच्या नळाच्या अर्जावर सही करायला घाबरायचे. सर तीनदा आले, अर्जाचा विषय न काढता चहा पिऊन गेले. चौथ्यांदा वडिलांनी स्वतःच पेन मागितलं.

सहा वर्षांनी पाइप आला. सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या, तर सुतासारखी धार. सर खूष. "बारीक आहे, पण घरोघर आहे."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सर गेले. नेमकं दोन दिवस पाणी नव्हतं. शेवटच्या आंघोळीचं कसं करायचं, याची कुजबुज चालली होती. तेवढ्यात समोरून एक कळशी आली. मग शेजारून तांब्याचा हंडा. प्रत्येक घरानं आपल्या साठवणीतलं काढलं होतं. माझे वडीलही बादली घेऊन रांगेत उभे राहिले. मला रडू आवरेना.

काकू दाराशी येऊन ती रांग बघत राहिल्या.

"शोभा, तो त्यांचा शब्द काय गं होता?"

मी सांगितला. त्यांनी तो एकदा पुटपुटून पाहिला आणि पहिली कळशी स्वतः उचलली.