आईने तिथी विचारली

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या एका खणात खंडोबाचा टाक होता. रोज दिवा लागत होता, फूल वाहिलं जात होतं, पण ते सगळं हाताच्या सवयीने. टाकाकडे बघताना मनात एकच यायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू सांगत नाहीस. रागाचं कारण होती माझी आई, आणि त्या रागाचं पुढे काय झालं ते सांगायला मी आज इतक्या उतावीळपणे बसले आहे की चहा गार झाला तरी मला पत्ता नाही.

माझे वडील इंग्रजांच्या काळात पलटणीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची तुकडी इटलीत लढायला गेली. मी पाळण्यात असताना घरी तार आली, ते बेपत्ता आहेत म्हणून. मेले असं नव्हे, बेपत्ता. पुढे सरकारने काय ते गृहीत धरलं, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावानेही धरलं, आईने मात्र धरलं नाही. तिने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही, आणि घरात त्यांचं श्राद्ध कधी घालू दिलं नाही. जित्या माणसाचं श्राद्ध घालतात का, हा तिचा सवाल. भटजी एकदा समजावायला आले तर तिने त्यांनाच विचारलं, "कंच्या तिथीला घालू? सांगा की." तिथी कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळे भटजी चहा पिऊन परत गेले.

माझे यजमान इंजिनिअर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कतारला आलो. आईला कितीदा बोलावलं, तिचा पाय गावाबाहेर पडेना. आणि एक दिवस तिचाच निरोप आला, मला घेऊन जा. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. ती आल्यावर कळलं की तिला लेकीची ओढ वगैरे काही नव्हती. गावात कुणीतरी पुडी सोडली होती की लढाईतले हरवलेले काही शिपाई अरबांच्या मुलखात राहून गेले. आई नवऱ्याला शोधायला आली होती.

दर शुक्रवारी आम्ही तिला सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, न्यायचो. ती दुकानांकडे बघायची नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघायची. एकदा एका वृद्ध हमालाच्या मागे नऊवारीचा काष्टा सावरत ती अशी भरभर निघाली की आमचे हे धावत गेले. तो बिचारा थांबला, हसला, काहीतरी आशीर्वाद पुटपुटला, आणि शेवटी "इन्शाल्ला" म्हणाला. आई गाडीत बसता बसता म्हणाली, "न्हवं. नाक वायलं हाय." आम्ही गाडीत हसलो खरे, पण घरी आल्यावर मला न्हाणीघरात जाऊन रडू आलं. डॉक्टरांनी तिचं हृदय थकल्याचं सांगितलं होतं. ती अशीच वाट बघत, दर शुक्रवारी परक्यांची नाकं तपासत जाणार, आणि जाताना तिच्या जिवाला थारा नसणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. देवा, तिला जिवंतपणी काय ते कळू दे, एवढंच मागणं होतं. ते पुरं होण्यासारखं नव्हतं हे मला कळत होतं, म्हणून तर अबोला.

यांच्या कचेरीत वॉल्टर नावाचे एक वयस्क इंग्रज होते. तेही तरुणपणी सैन्यात होते. आखातात विखुरलेले त्यांच्या रेजिमेंटचे चार-सहा जुने शिपाई दर नोव्हेंबरात त्यांच्या अल रय्यानच्या बंगल्यात जमायचे आणि आपल्या दिवंगत सोबत्यांची आठवण करायचे, युद्धात गेलेल्यांची आणि नंतर म्हातारपणाने गेलेल्यांचीही. त्या वर्षी त्यांनी आम्हाला बोलावलं. माझे वडील इटलीत होते हे यांनी कधीतरी सांगितलं असणार. येताना काही घरगुती गोडधोड आणा, असाही निरोप होता.

मी विचार केला, इंग्रजांना गोड आवडतं आणि तळलेलं आवडतं. घरात बासमती होता, दूध होतं, आदल्या दिवशी अल मन्सूराच्या किराणावाल्याकडून उडदाची डाळ आणून भिजवली होती. केली तांदळाची खीर आणि तळले वडे. शेवटचा घाणा काढत होते तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने एकदा पातेल्यात पाहिलं, एकदा परातीत पाहिलं.

"खीर आन् वडे?" ती म्हणाली. "कुनाचं पित्तर घातलंस गं? ह्या घरात कोन मेलंय?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. खीर वेगळी करतात, वडे वेगळे करतात, पण दोन्ही एकत्र आमच्याकडे फक्त पितरांच्या पानावर असतात. कुठलीही बाई हे लहानपणापासून जाणते, आणि मी भर नोव्हेंबरात, कुंकू लावलेल्या आईसमोर, परातभर वडे तळून बसले होते. दुसरं काही करायला वेळ उरला नव्हता. आई माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसली. तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून, नाहीतर ती आलीच नसती.

बागेत बोराच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबमंडळी कोटावर कागदाची लाल फुलं आणि पदकं लावून आली होती. आधी सगळे उठून काही वेळ अगदी निःशब्द उभे राहिले. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तीही डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मग खाणं सुरू झालं. माझे वडे साहेबांनी असे फस्त केले की मला अपराधी वाटावं की अभिमान, हेच कळेना.

तिथे टॉम नावाचे एक गृहस्थ होते, एका पायाने लंगडणारे. ते खरं म्हणजे तिथे असायलाच नको होते. मस्कतमधली नोकरी संपवून ते कायमचे इंग्लंडला निघाले होते. वाटेत दोह्यात उतरले, सकाळी दाट धुकं पडलं, विमान उडेना. वॉल्टरना फोन केला तर वॉल्टर म्हणाले, आज आपलीच माणसं जमतायत, ये. ते बशी घेऊन आमच्या शेजारी बसले आणि आईकडे टक लावून बघायला लागले. मी जरा अवघडलेच.

"तुमच्या आईच्या कपाळावर कुंकवाखाली ते पिवळं काय आहे?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं, ती हळद आहे, आमच्या खंडोबाची, भंडारा म्हणतात. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, ही पूड मी आयुष्यात एकदाच पाहिली आहे, आणि ती काय होती हे मला आजवर कुणी सांगू शकलं नाही.

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं आईला मराठीत सांगत गेले. इटलीत एका रात्री एक नदी ओलांडायची होती. एका अंगाने टॉमची कंपनी, शेजारून मराठ्यांच्या पलटणीची तुकडी. टॉम तेव्हा कोवळे पोरगेच. ऐन पाण्यात त्यांच्या मांडीला गोळी लागली आणि ते वाहून जाऊ लागले. शेजारच्या तुकडीतल्या एका शिपायाने त्यांना धरलं, ओढत काठावर आणलं. त्याच्या गळ्यात एक कापडी पिशवी होती. ती त्याने दाताने फाडली, पिवळी पूड जखमेत दाबली, बोटांना उरलेली त्यांच्या कपाळाला लावली. काहीतरी बोलला, हसला, आणि त्यांच्याच कंपनीतला दुसरा एक बुडत होता त्याच्यासाठी परत पाण्यात गेला. त्यालाही घेऊन तो काठाशी पोचला आणि तिथेच त्याला गोळी लागली. "मी त्याला पडताना पाहिलं," टॉम म्हणाले. "पाणी त्याला घेऊन गेलं. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही."

एकच वाक्य मी दोन-दोनदा सांगत होते. आई मात्र ताठ बसलेली.

"त्याला इचार," ती म्हणाली, "कपाळाला पूड कंच्या हातानं लावली?"

हा काय प्रश्न झाला, असं मला वाटलं, पण विचारला. टॉमनी डोळे मिटले. नदीकाठी ते कसे पडले होते, तो माणूस कुठल्या बाजूला वाकला होता, हे ते अंगाने आठवत होते. हळूहळू त्यांचा डावा हात वर आला.

"डावखुरं हुतं ते," आई म्हणाली. "देवाचा भंडारा तरी उजव्या हातानं लावा म्हनून मी रोज भांडायची. ती पिशवी म्या शिवल्याली."

पलटणीत डावखुरा शिपाई एकच असतो असं मी म्हणत नाही, आणि खंडोबाचा भंडारा गळ्यात बांधून आमच्या भागातले कितीतरी जण लढाईवर गेले असतील. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही. घडलं ते मी सांगते आहे.

मग आईने दुसरा प्रश्न विचारला. "त्या राती चांदनं हुतं का?"

टॉमनी तारीख सांगितली. ती त्यांना पाठ होती, ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीची. आईने हाताने उडवून लावली. "तारीक ऱ्हाऊ दे. चंद्र इचार."

"पूर्ण," टॉम म्हणाले. "दिवसासारखा लख्ख. आम्ही त्या चंद्राला किती शिव्या दिल्या, कारण पलीकडून आम्ही सगळे दिसत होतो. आणि काठावरच्या मळ्यांत द्राक्षं काढणीला आली होती."

आईने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "आश्विन," ती म्हणाली. "कोजागिरी." आणि तिने इतका लांब श्वास सोडला की मी घाबरून तिचा हात धरला. नवरा गेला हे चाळीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सगळ्यांनीच सांगितलं होतं. तिथी कुणी सांगितली नव्हती. तिथी सांगणारा माणूस म्हणजे मरणाच्या वेळी समोर असलेला माणूस, हे तिचं गणित होतं आणि ते किती सरळ होतं हे मला त्या बागेत कळलं.

ती रडली, पण थोडीच. मग उठली, एका बशीत खीर आणि वडे वाढून घेतले, बोराच्या झाडाखाली जमिनीवर ठेवले, भोवती पाण्याची धार फिरवली आणि हात जोडले. आमच्या भागात तेव्हा कावळा औषधालाही दिसत नसे. चिमण्या आल्या, चार-पाच, आणि वड्यावर तुटून पडल्या. साहेबमंडळी खाणं थांबवून बघत होती. "त्यांच्या मान्सांचंबी ह्यातच हाय म्हनावं," आईने मला सांगितलं. मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि वॉल्टरनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी देवाला वर्षभर जाब विचारत होते की तू सांगत का नाहीस. माझी अपेक्षा अशी की त्याने मला सांगावं, माझ्या वेळेला, मला समजेल अशा रीतीने. आणि त्याने काय केलं, तर धुकं पाडलं. एका परक्या माणसाला बागेत आणून बसवलं, आणि पितरांचं पान माझ्याच हातून, मला न कळता, आधीच रांधून घेतलं. मी फक्त झारा हलवत होते. आपल्या हातात असतं ते एवढंच, आणि तेवढं करून बाकीचं त्याच्यावर सोडलं तर तो काही आपल्याला विसरत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. अबोला तिथल्या तिथे सुटला, हे वेगळं सांगायला नकोच.

ऊन कलल्यावर त्यांचा शेवटचा विधी झाला. दिवंगतांची नावं घ्यायची. वॉल्टर एकेक नाव उच्चारत, बाकीचे ते पुन्हा म्हणत. सगळी नावं झाल्यावर ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की तो शिपाई आमच्या रेजिमेंटचा नव्हता, पण आमची दोन मुलं त्याने पाण्यातून काढली, तेव्हा आजपासून तो आमचा. त्याचं नाव काय?

मी तोंड उघडणार तोच आईने माझ्या दंडाला धरून मला मागे सारलं. माझ्या आईने तिच्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणारी ती बाई. वडिलांचं नाव मला आजीकडून कळलं होतं. शाळेच्या मास्तरांनी विचारलं तेव्हाही तिने शेजारणीला पुढे केलं होतं.

"गणपत," आई मोठ्याने म्हणाली. "नाईक गणपत धोंडी."

"गॅनपॅट," सगळे साहेब एका सुरात म्हणाले.

"न्हाई, न्हाई," आईने मान हलवली, पदर सारखा केला आणि दोन पावलं पुढे झाली. "ग-ण-पत. म्हना."

आणि अल रय्यानच्या त्या बागेत, छातीवर पदकं लावलेल्या त्या म्हाताऱ्या शिपायांकडून माझ्या आईने माझ्या वडिलांचं नाव पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, ते नीट येईपर्यंत. प्रत्येक वेळी आधी ती स्वतः म्हणायची, आणि दर वेळी तिचा आवाज चढत गेला.