हक्कसोडीसाठी आलेला गोड निरोप

भावाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला तेव्हा मी लोणावळ्यात, घरी भाकरी थापत होते. धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या कॅम्पवाल्यांमुळं पवनानगरकडच्या आमच्या जमिनीला भाव आलाय. तुझा हिस्सा सोडून दे, म्हणून तो कधीचा मागं लागला होता आणि मी टाळत होते. पण हा निरोप वेगळाच होता. मी त्याला कडेवर घेऊन हिंडायचे, माहेरचं दार मला कायम उघडं राहील, असं सगळं. वाचून रडले आणि सही करायला येते म्हणून कळवलं.

आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडला की भाऊ तिला साडी नेसवतो. वडगावला रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर हा साडीची पिशवी घेऊनच उभा. निरोप छान लिहिलास म्हटलं, तर हसला.

"मी कुटं लिवलं? एआयनं लिवलं. त्याला आता माणसाएवढी अक्कल आलीया, ताई. कायबी सांग, करतंय."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.ए. झाले, तरी जमिनीची बोलणी निघाली की मला चहा करायला आत पाठवायचे. आणि या यंत्राला एका निरोपावर माणसात घेतलं!

त्याचा फोन घेतला. तिथंच बाकावर बसून त्या एआयला सांगितलं, आता बहिणीच्या बाजूनं लिही, ती हिस्सा देणार नाही. लगेच लिहिलं. तितकंच गोड, तितकंच डोळ्यांत पाणी आणणारं. भावाला वाचायला दिलं आणि विचारलं, यातलं खरं कुठलं?

"दोनीबी भारी लिवलंय की."

लिहितं चांगलं, माझ्याहून चांगलं, हे मान्य. कायदाही मला सांगेल. पण माणसाएवढी अक्कल म्हणायची, तर आपण काय बोललो त्याची झळ आपल्याला लागायला नको? त्या यंत्राची ना जमीन जाणार होती, ना बहीण.

मी सही करणार नाही म्हणाले. त्याचा अंगठा परत फोनकडं गेला.

"तो खिशात घाल," मी म्हणाले, "आणि तुझ्या तोंडानं बोल."

त्यानं फोन खिशात घातला.

"आईला काय सांगू मी?"

हे मात्र त्याचं स्वतःचं होतं, म्हणून मी उत्तर दिलं.

"सांग, ताई न्हाई म्हणाली."

साडी तशीच त्याच्या हातात ठेवून मी स्टेशनची वाट धरली.