बायांना लागणारी गाडी

कापसाला भाव नव्हता त्या वर्षाची गोष्ट सांगते. आमची जुनी व्हॅन वेचणीच्या बाया शेतावर पोचवायची, त्यावरच घर चालायचं. मागे बसलेल्या बाया रोज ओकायच्या. "बायकांना गाडी लागतेच," असं आमचे हे पुढे स्टिअरिंगवर बसून सांगायचे. शेवटी बाया म्हणाल्या, उद्यापासून आम्ही पायीच जातो. तेव्हा कुठे आम्ही लोहारा गावच्या गाडी-मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री मोठा अदबीचा माणूस. बोलण्याआधी हात पुसायचा. त्यानं सीटखाली सांडलेला कापूस गोळा केला, पाण्यात बुडवून बोळा केला. "यंदा एवढ्याच कामाचा हाय, काकू," मला म्हणाला. मग ह्यांना म्हणाला, "काका, मांगं बसा अन् काचा लावा."

गाडी सुरू करून त्यानं बोळा सायलेन्सरच्या तोंडावर दाबला. मागच्या सीटखालच्या फुटक्या पाइपातून धूर थेट गाडीत शिरला. हे खोकत, डोळे पुसत बाहेर आले.

"उन्हानं झालं," हे म्हणाले.

मिस्त्रीनं हात पुसले. "बराबर हाय काका. गाडी सावलीत घेतो, परत बसा."

हे बसले नाहीत. "वेल्डिंग करून टाक," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाया गाडीत बसल्या. ह्यांना इतक्या आदरानं खोटं पाडणारा माणूस मी तो एकच पाहिला.