बरण्यांखालचं स्टिकर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्तकनगरच्या नाक्यावर मी बससाठी थांबलेलो. समोरच्या पानटपरीवर टाय लावलेला एक माणूस आला, सिगारेट कंपनीचा. त्याने आपल्या रुमालाने टपरीची खालची फळी पुसली आणि इस्त्रीची पँट सांभाळत चक्क गुडघे टेकून, गोळ्यांच्या बरण्यांखाली एक स्टिकर चिकटवलं. कोपरे असे हळुवार दाबले, जसा काही देवाचा फोटो लावतोय.

"साहेब, वर लावा ना," टपरीवाला म्हणाला. "खाली कोण बघणार?"

"ज्यांच्यासाठी आहे ते बघतील."

मी जवळ जाऊन पाहिलं: पाकिटावर असते तशीच सोनेरी किनार आणि आत ठळक अक्षरं, 'सिगारेट फक्त मोठ्यांसाठी.' मला ते भारी वाटलं. पोरांनी सिगारेट ओढू नये म्हणून कंपनीचा माणूस धुळीत बसतोय!

"तुम्हाला मुलं असतील ना?" मी विचारलं.

"दोन आहेत."

"मग घरीही लावलं असेल हे?"

"छे हो!" गुडघे झटकत तो हसला. "मोठ्यांसाठी आहे म्हटलं की पोरं हात लावल्याशिवाय राहतात का?"

आपण काय बोललो ते त्याला स्वतःला ऐकू आलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रुमालाची नीट घडी घालत त्याने टपरीवाल्याला विचारलं, "शाळेसमोर अजून एक टपरी आहे ना? कुठून जाऊ?"