भेटीचा रविवार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्या इरफानबरोबर गेली आठ वर्षं काम करते त्यालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा आता हे आत ठेवणं झेपत नाही म्हणून. पण एकदम वाईटावर जायचं धाडस होत नाही. आधी मला काय काय मिळालं ते सांगते.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा परगावी, सून बाळंतीण, नवऱ्याला स्वतःचंच उरकत नाही. पंधरा दिवस माझ्या उशाशी कोण होतं? शीतल. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी, सुट्टी टाकून आली. मला आंघोळ घालायची, गोळी चुकवली की दम भरायची. आणि तिची आत्या, प्रयागबाई, पिंपळगाव रेणुकाईहून एसटीच्या कंडक्टरपाशी पिशवी द्यायची: मेथी, वांगी, शेवग्याच्या शेंगा. त्या पंधरा दिवसांत मला एकदाही एकटं वाटलं नाही. कोणाचं नशीब इतकं चांगलं असतं का? माझं आहे. आणि ह्या घरातून मला खरं तर पाण्याचा घोटसुद्धा मिळायला नको होता.

मी जालन्यात एका बालगृहाची अधीक्षिका होते. चाळीस मुली, लोखंडी पलंग, वेळच्या वेळी जेवण, भिंतीवर रंगवलेले ससे. मला त्याचा केवढा तोरा होता! कोणा देणगीदाराच्या लेकराचा वाढदिवस असला की मुली रांगेत उभ्या राहून गाणं म्हणायच्या, मग जिलबी. पहिल्या रांगेत शीतल, कारण आवाज गोड. सात वर्षांची असताना आली होती. आई आधीच गेलेली, बाप अपघातात गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी आणून पोचवली. फाईलमध्ये नातेवाईकांच्या रकान्यात मी लिहिलं — कोणी नाही. विचारायला कुठे गेले होते मी? कुठेच नाही. रकाना भरायचा होता, भरला.

महिन्याचा दुसरा रविवार भेटीचा. आता एक गोष्ट बालगृहात राबलेल्या कोणालाही विचारा. ज्या मुलीला भेटायला कोणी येतं, ती नंतर आठ दिवस रडते. ताटावरून उठते, अंथरूण ओलं करते, शाळेत मारामाऱ्या करते. आमच्याकडे त्याला शब्दच होता. सोमवारी स्वयंपाकीणबाई सांगायच्या, "हिला भेट लागली." नजर लागावी तसं. म्हणजे जिला कोणी भेटत नाही ती शहाणी, शांत, गुणी. आम्ही सगळ्याजणी असंच मानत होतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शीतल अशीच गुणी होती. मग सहा महिन्यांनी एका दुसऱ्या रविवारी एक बाई आली. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत. बापाची सख्खी बहीण. आम्ही भेट घडवली, आणि शीतल आठ नाही, बारा दिवस रडली. ताप आला. मी ठरवलं — मुलीच्या भल्यासाठीच हं — की हे पुन्हा नको.

मुलीच्या भल्यासाठी. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा म्हणून दाखवलंय की ते आता अगदी गुळगुळीत झालंय. दुसरीही वाक्यं होती. आत्याच्या घरी पत्र्याच्या दोन खोल्या, सासू अंथरुणाला खिळलेली, पदरात दोन लेकरं. आमच्याकडे पंखा होता, इंग्रजीची शिकवणी होती. काय वाईट होतं?

पण खरं सांगू? रोज सकाळी मी फाटकातून आत आले की शीतल पळत यायची आणि माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावायची. चाळीस मुलींत ती एकटी. त्या रविवारीही मी दारात उभी होते. ती पळत आली, मी हात पुढे केला, आणि ती माझ्या बाजूने निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागे फाटकाशी आत्या उभी होती. एवढंच. एवढ्यावरून मी पुढचं सगळं केलं. सात वर्षांच्या मुलीवर आणि एका गरीब बाईवर मी जळले.

पुढच्या महिन्यात आत्या आली तेव्हा मी तिला फाटकाशीच गाठलं आणि म्हणाले, शीतल तुम्हाला भेटायला तयार नाही. नको म्हणते.

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "लेकरू असं म्हनलं का? मंग राहू द्या बाई. बळजबरी नका करू." हातातला डबा माझ्याकडे दिला. "धपाटे हायेत. मी आणलेत म्हणून सांगू नका, खायची न्हाई."

दुपारी पंगतीत मी ते सगळ्यांना अर्धे अर्धे वाटले. शीतलने एक घास खाल्ला आणि थांबली. म्हणाली, "बाई, हे आत्याच्या हातचं लागून राह्यलं." मी म्हणाले, स्वयंपाकीणबाईंनी केलेत. तिने मान हलवली आणि मुकाट्याने खाल्लं. अगदी सावकाश खाल्लं.

आत्या पुन्हा आली. मी पुन्हा तेच सांगितलं. शीतल काही महिने दुसऱ्या रविवारी वेणीफणी करून आतल्या अंगणातल्या पायरीवर बसायची; तिथून फाटक दिसत नसे. विचारायची, आत्या आल्ती का? मी म्हणायचे, नाही गं. मग तिने विचारायचं सोडलं. मी तिच्या अहवालात लिहिलं, मुलगी छान रुळली आहे.

तीन वर्षांनी इरफान आला. मुलांना बालगृहातून त्यांच्या माणसांत परत नेणाऱ्या एका संस्थेचा हा कार्यकर्ता — आजी, काका, मावशी शोधायची, कोणीच नसेल तर सांभाळायला तयार असलेलं कुटुंब शोधायचं, आणि पुढे वर्षभर त्या घराच्या पाठीशी उभं राहायचं. मला तो डोळ्यांसमोर नको होता. आमचं घर मोडायला आलाय असंच वाटलं. फाईल चाळून तो म्हणाला, "मॅडम, कोणीच न्हाई असं लेकरू मी आजपर्यंत पाह्यलं न्हाई." भेटायला कोणी येतं का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, एकदा कोणी बाई येऊन गेली, पुन्हा फिरकली नाही.

त्याने शीतलला कागद दिला आणि आत्याच्या गावाचा रस्ता काढायला सांगितला. बापाबरोबर ती तिथे जायची. तिने एसटीचा थांबा काढला, रेणुकाईचं देऊळ, पिठाची गिरणी, दारात शेळी. मी बाजूला बसून बघत होते. त्या कागदावरचं गाव मला माहीत होतं, बाईचं नावही माहीत होतं, आणि मी पेन्सिलीला टोक करून देत होते. इरफानला ते घर सापडायला तीन दिवस लागले.

मग बालकल्याण समितीपुढची बैठक; मूल कोणाकडे द्यायचं ते ही समिती ठरवते. शीतल, आत्या, इरफान, मी, सगळे एका खोलीत. समितीतल्या एका बाईंनी समजुतीने विचारलं, तुम्ही एकदा भेटून गेलात, मग तीन वर्षं आला का नाहीत? मला वाटलं, आता ही बोलणार. आत्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने शीतलकडे पाहिलं — दहा वर्षांची, खाली मान घालून बसलेली — आणि म्हणाली, "माझंच चुकलं. कापसाचे दिवस, घरात दुखणं. न्हाई जमलं."

कळलं ना तुम्हाला? मला लगेच कळलं. पोरीनेच भेटायला नकार दिला होता असं ती समजत होती, आणि चार लोकांत पोरीला त्याचं वाईट वाटू नये म्हणून तिने दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले.

शीतल गेली. हळूहळू इतर मुलीही गेल्या — कोणी आष्टीला आजीकडे, कोणी काकाकडे, दोघी पालक कुटुंबात — आणि बालगृह बंद झालं. वर्षभर मी चडफडत होते. मग इरफाननेच बोलावलं, "मॅडम, तुम्हाला लेकरांची बराबर जाण हाय, आमच्यात या." गेले. आज मी गावोगाव फिरून घरं शोधते. नव्या कार्यकर्त्यांना सांगते, भेट झाल्यावर मूल रडतं ते रडू द्या, त्याला अजून माणूस हवंय म्हणून ते रडतं. लोक वहीत उतरवून घेतात. हे शहाणपण कुठून आलं, कोणी विचारत नाही. विचारलंच तर म्हणते, एका बालगृहात असं घडलं होतं. एका बालगृहात!

मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. इरफानने मला दुसऱ्यांदा कामाला लावलं. प्रयागबाईने पोर वाढवली आणि दर दिवाळीला मला जेवायला बोलावलं. शीतल अजून मला बाई म्हणून हाक मारते, आणि ती हाक ऐकली की माझा दिवस गोड होतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. चुलीपुढे भाकरी थापता थापता प्रयागबाई हळूच म्हणाली, "तवा भेटायला नको म्हनली व्हती ना, मी कधी मनात धरलं न्हाई बाई. लहान व्हती." आणि संध्याकाळी स्कूटीवरून मला थांब्यावर सोडताना शीतल म्हणाली, "आत्या तीन वर्षं आली न्हाई, पण मी तिला कधी बोलून दाखवलं न्हाई. माफ करून टाकलं."

दोघींनी एकमेकींना माफ केलं होतं, आणि दोघींनी काहीच केलेलं नव्हतं. मी एसटीत बसले. शीतल गाडी सुटेपर्यंत थांबली, हात हलवत होती. मीही हात हलवला.

हे सगळं लिहिलेला हा कागद उद्या दोघींच्या हातात देणार आहे. म्हणून शेवटचं तुमच्याशी नाही, त्यांच्याशी बोलते.

प्रयागबाई, शीतल कधीच नको म्हणाली नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

शीतल, तुझी आत्या त्यानंतर सात वेळा आली होती. सातही वेळा तिला फाटकावरून मी परत पाठवलं.